टाकीतलं पाणी

"पॅस्को? कीथ पॅस्कोची का तू?" अर्ज हातात घेत मर्ल हॉगबेननं चष्म्यावरून पाहिलं.

"हो मिसेस हॉगबेन, त्याचीच ट्रिश. डॅड हॉस्पिटलात आहे. फार दिवस नाहीत त्याचे. आग लागली तेव्हा फोन कधी केला, ते त्याला आता आठवत नाही. गाव म्हणतं तेच खरं असेल, असं धरून बसलाय."

गाव काय म्हणतं ते मर्लला चांगलंच ठाऊक होतं. एकतीस वर्षांपूर्वी पॅस्कोंचं घर जळालं, कीथची बायको नोएलीन आतच गेली. कीथ दारू पिऊन पडला होता, त्यानं उशिरा फोन केला, असं सगळं वॉरिंगा गाव बोलत होतं. बेकरीच्या रांगेत मर्लही दोन शब्द जास्तच बोलली होती. वर्षभरात कीथ पोरीला घेऊन गाव सोडून गेला.

"बस जरा, काढते."

अग्निशमन दलाच्या या कचेरीत तिची सव्वीस वर्षं गेली होती. विमावाले, वकील, घरमालक, कोणीही आगीच्या जुन्या वर्दीची नोंद मागावी आणि मर्लनं ती हुडकून द्यावी. ही नोंद मात्र कोणी मागितली नव्हती, आणि तिनंही कधी उघडली नव्हती.

आतल्या खोलीत तिनं फाइल उघडली. अक्षर टेडचं होतं. तिचा नवरा तेव्हा दलप्रमुख होता. त्याला जाऊन तीन वर्षं झाली होती.

'२२ डिसेंबर. फोन ४.१०, आग नुकती लागल्याचा. माणूस शुद्धीत, पत्ता नीट सांगितला. बंब नाताळच्या फेरीवर, टाकी रिकामी. ओढ्यावर भरून पोचलो ४.४१. चूक माझी. टेड हॉगबेन.'

मर्लनं ते पुन्हा वाचलं. ती फेरी तिला लख्ख आठवत होती. बंबावर सांता झालेला टेड गोळ्या उधळत होता, डिसेंबर म्हणजे इकडे ऐन उन्हाळा, उन्हानं जीव जात होता आणि पोरं फवाऱ्याखाली नाचत होती. "पुरे आता, टाकीत राहू दे थोडं," टेड म्हणाला होता. आणि तीच खालून ओरडली होती, "मार की रे अजून एक फवारा! मेला कंजूष सांता!"

त्यानंतर टेडनं तो लाल झगा कधी अंगावर चढवला नाही. पाठ धरते म्हणायचा. तिला त्यानं एका शब्दानंही दोष दिला नाही. तिला त्याचा राग आला आणि रडूही आलं. कागदावर खरं लिहिलंस, मग कीथला लोक बोलत होते तेव्हा तोंड का शिवलंस?

नियमाप्रमाणे दलातल्या माणसाचं नाव काळं करून प्रत द्यायची. घरच्यांची लेखी संमती असेल तरच ते उघडं ठेवायचं. काळं पेन समोरच होतं.

"सापडलं का?" बाहेरून ट्रिशनं विचारलं.

"सापडलं गं. दोनच मिनिटं."

मर्लनं पेन खणात टाकलं आणि संमतीचा कोरा फॉर्म काढला. नात्याच्या रकान्यात 'पत्नी' लिहून खाली सही केली.

ट्रिशनं प्रत उभ्या उभ्याच वाचली. "चार दहा," ती म्हणाली. मग पुन्हा, हळू आवाजात, "चार दहा."

"तुझ्या बापाला ऐकू येतं ना अजून?"

"येतं की."

"मग थांब, मीही येते." मर्लनं खिडकीवर 'बंद'ची पाटी लावली आणि पर्स उचलली. "टेडनं एक गोष्ट लिहायची टाळली आहे. ती मलाच सांगावी लागेल."