खालच्या कोपऱ्यातली चिठ्ठी

माझ्याकडे पाहून हसू नका, मित्रांनो. मी एक जुना पांढरा फळा आहे आणि माझ्या छातीवर दोन जाड काळ्या रेघा आहेत, एक उभी, एक आडवी. कोणीतरी पुसायचा आळस केला असेल, असं तुम्हाला वाटेल. छे! त्या पुसण्यासाठी माणसांनी जंग जंग पछाडलं. त्या रेघांचीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म कारखान्यातला. पातळ पत्र्यावर गुळगुळीत पांढरा लेप चढवून मला भट्टीत भाजलं आणि चारी कडांना चंदेरी पट्ट्या ठोकल्या. माझ्या बरोबरीचे फळे शाळांमध्ये गेले. मला मात्र संगणकाचे प्रोग्रॅम बनवणाऱ्या एका ऑफिसात टांगलं. शाळेत गेलो असतो तर बरं झालं असतं, असं पहिली काही वर्षं फार वाटायचं, कारण इथली मंडळी लिहायची कमी आणि माझ्यासमोर उभी राहून वाद जास्त घालायची. पण रोज सकाळी सफाईच्या मावशी मला ओल्या फडक्यानं पुसायच्या आणि म्हणायच्या, "बघ, कसा आरशासारखा दिसतोस!" तेवढ्या कौतुकावर माझा दिवस निघायचा.

मग आमच्या खोलीत चिठ्ठीताई आली. हे काही तिचं खरं नाव नव्हे. रंगीत चिकट चिठ्ठ्यांशिवाय तिचं पान हलायचं नाही. स्वतःच्या जेवणाच्या डब्यावरसुद्धा ती चिठ्ठी लावायची, म्हणून सगळे तिला तसं म्हणायचे. प्रोग्रॅम ज्यांच्यासाठी बनवायचा त्यांना काय हवं ते नीट विचारून घ्यायचं आणि बनवणाऱ्यांना समजावून सांगायचं, हे तिचं काम. त्या वर्षी तिला पहिल्यांदाच एक अख्खं काम एकटीनं सांभाळायला मिळालं. पाणीखात्याला फोनवरचं अॅप हवं होतं. कोणत्या गल्लीत किती वाजता पाणी येणार, हे लोकांना घरबसल्या कळावं, एवढीच मागणी. ताईचा आनंद गगनात मावेना.

पहिल्याच दिवशी तिनं या कामाशी संबंध असलेल्या सगळ्यांची यादी केली. ऑफिसात त्यांना स्टेकहोल्डर म्हणतात. मग त्यांची विभागणी करायला तिनं माझ्यावर एक उभी आणि एक आडवी रेघ मारली. चार घरं झाली. ज्यांच्या शब्दाला वजन ते वर, ज्यांच्या नाही ते खाली. ज्यांना या कामात रस ते उजवीकडे, ज्यांना नाही ते डावीकडे. युक्ती चांगलीच होती. फक्त घाईत ताईनं उचलला तो खोक्यांवर पत्ते लिहायचा पेन.

दुसऱ्या दिवशी मावशींच्या लक्षात आलं. "अगं बाई, हा तर न पुसणारा पेन!" त्यांनी स्पिरिट लावलं, साबण लावला, घासणी घेतली. माझं अंग सोलून निघालं, पण माझा लेप आधीच झिजलेला होता आणि शाई आत मुरली होती. शेवटी मावशींनी हात टेकले. खरं सांगू का? मला मनातून बरंच वाटलं. आता माझ्यावर कायमचं काहीतरी होतं. येणारेजाणारे ते चार चौकोन बघून माना डोलवायचे आणि मी उगाच फुगायचो.

चारही घरांत चिठ्ठ्या लागल्या. खात्याचे मुख्य इंजिनियर वर उजवीकडे. नळ असलेली कुटुंबं खाली उजवीकडे. आणि अगदी खाली, डाव्या कोपऱ्यात, एक पिवळी चिठ्ठी: 'चावीवाले काका. वजन कमी, रस कमी.' चावीवाले काका म्हणजे हातात लांब लोखंडी चावी घेऊन रस्त्यावरचे व्हॉल्व्ह उघडणारे आणि बंद करणारे. ताईनं त्यांना प्रश्नांची यादी तीनदा ईमेलवर पाठवली होती. तिन्ही वेळा उत्तर नाही. ज्याला उत्तर द्यावंसं वाटत नाही त्याला कसला आलाय रस, असं तिला वाटलं.

ताईच्या टीमची एक चांगली पद्धत होती. दर दुसऱ्या शुक्रवारी झालेलं काम सगळ्यांना दाखवायचं, आणि त्याच दिवशी चिठ्ठ्या पुन्हा तपासून गरज असेल तर हलवायच्या. पण माझ्या रेघा कायमच्या झाल्या आणि कुणाच्याही नकळत चिठ्ठ्याही कायमच्या झाल्या. कोणी त्यांना हातच लावेना. माझ्यावरची धूळ पुसतानासुद्धा मावशी त्यांना वळसा घालायच्या.

मग एका वस्तीत अॅपची चाचणी झाली. अॅप म्हणालं, नऊ वाजता पाणी. पाणी आलं पावणेदहाला. बादल्या लावून ताटकळलेल्या लोकांनी खात्याला चांगलंच फैलावर घेतलं. दुसऱ्या चाचणीतही तेच. आमच्या ऑफिसचे साहेब माझ्यासमोर येऊन उभे राहिले.

"येत्या शुक्रवारी तिसरी चाचणी. तीही फसली तर हे काम दुसऱ्या कोणाला तरी द्यावं लागेल," ते ताईला म्हणाले. "आणि हा विद्रूप फळाही एकदाचा काढून टाका."

ताईचा चेहरा पडला. माझं तर विचारूच नका.

दुपारी सगळे जेवायला गेले. ताई एकटीच माझ्याकडे बघत बसली होती. तेवढ्यात कोपऱ्यातली पिवळी चिठ्ठी, जिचा डिंक केव्हाच वाळला होता, अलगद सुटून खाली पडली. ताईनं ती उचलून परत लावली. ती परत पडली. तिसऱ्यांदा लावताना तिनं ती पहिल्यापासून वाचली, आणि तिचा हात थांबला. या माणसाशी आपण एकदाही बोललेलो नाही, हे तिला तेव्हा उमगलं. तिनं खात्यात फोन करून काकांचा नंबर मिळवला.

दुसऱ्या दिवशी काका आले. उन्हानं रापलेला चेहरा, पायात रबरी बूट, खांद्यावर माणसाएवढी चावी. ती त्यांनी मला टेकवून ठेवली आणि मी जरा कण्हलो. मग त्यांनी माझ्यावरच्या चिठ्ठ्या एकेक करून वाचल्या आणि खालच्या कोपऱ्यापाशी वाकले.

"हा मीच ना?"

ताईला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. "काका, तुम्ही ईमेलला उत्तर दिलं नाही, म्हणून मला वाटलं…"

"ईमेल? खात्यानं दिलाय खरा. पण पोरी, माझे दोन्ही हात चावीवर असतात. तो उघडणार कोण?" काका हसले. "आणि रस नाही कसा? बावीस वर्षं हेच करतोय. पाणी उशिरा आलं की लोक इंजिनियरसाहेबांना शोधत नाहीत, मला शोधतात!"

"मग नऊचं पाणी पावणेदहाला का येतं?"

"चढावरचा पाइप जुना आहे. व्हॉल्व्ह एकदम उघडला तर फुटेल. चार फेरे द्यायचे, थांबायचं, परत चार. कागदावर नऊ लिहिलंय ते मी चावी लावतो तेव्हाचं. वर पोचायला वेळ लागणारच की."

"हे तुम्ही कोणाला सांगितलं का नाही?"

"कोणी विचारलं नाही."

काकांनी पेन मागितला आणि सगळे व्हॉल्व्ह माझ्यावर काढून दाखवले. माझ्या चार घरांची त्यांनी मुळीच पर्वा केली नाही. त्यांचा पाइप खालच्या कोपऱ्यातून निघाला, दोन्ही रेघा ओलांडून थेट वरच्या कडेला गेला. इतक्या वर्षांत माझ्यावर इतकं सुंदर काही कोणी काढलं नव्हतं.

ताईनं त्यांची चिठ्ठी वर उजवीकडे लावली.

"तिथे नको गं," काका म्हणाले, "शेजारी इंजिनियरसाहेब आहेत. अवघडल्यासारखं होतं."

पण चिठ्ठी तिथेच राहिली. शुक्रवार गाठायला टीम कामाला जुंपली. काकांच्या फोनवर एकच मोठं बटण आलं, ओल्या अंगठ्यानंही दाबता येईल असं. त्यांनी चावी लावली की बटण दाबायचं. कोणत्या गल्लीला किती मिनिटं लागतात, तो हिशेब अॅप करणार.

शुक्रवारी सकाळी सगळे माझ्यासमोर श्वास रोखून उभे होते. नऊ वाजता काकांचं बटण दाबलं गेलं. चढावरच्या घरांना निरोप गेला, 'पाणी पावणेदहाला.' पावणेदहाला ताईचा फोन वाजला. चढावरच्या एक आजी बोलत होत्या, "आलं गं बाई! देवपूजा उरकून वाट बघत बसले होते." मागे बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज येत होता. सगळ्यांच्या जिवात जीव आला. साहेब ताईला म्हणाले, "पुढच्या वस्तीचं कामही तूच बघ."

माझी मात्र बदली टळली नाही. काचेचा नवा फळा आला. मला भिंतीवरून उतरवताना काका तिथेच होते. "टाकूनच देणार असाल तर आमच्या पंपघराला द्या," ते म्हणाले.

मित्रांनो, आता मी पंपघरात असतो. दर दुसऱ्या शुक्रवारी ताई इथे येते, आधी सगळ्या चिठ्ठ्या काढते आणि मगच एकेक परत लावते. मला पुसाल तर मऊ ओल्या फडक्यानं पुसा आणि हातातला पेन कोणता आहे तेवढं आधी बघा. आणि कोणाचं नाव माझ्या खालच्या कोपऱ्यात लावायचं झालं, तर आधी त्याच्याशी दोन शब्द बोला. सध्या त्या कोपऱ्यात कोणाचंच नाव नाही. तिथे ताईच्या अक्षरात एकच चिठ्ठी आहे: 'अजून कोणाला विचारायचं राहिलंय?' तिचा डिंक वाळला की काका ती नव्यानं चिकटवतात.