इंचभर रेघ

चिकटपट्टी लावणं सोपं, काढणं कठीण, असं घड्याळजी नेहमी म्हणायचे. ऐकायला असायचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. विमानांची छोटी मॉडेलं जोडून रंगवायचा नाद त्याला यांनीच लावला. रंगाची रेघ सरळ यावी म्हणून कडेला लावायची ती पट्टी आधी काचेवर ठेवून नव्या पात्यानं कापायची, कडा नखानं दाबायची, टोक दुमडून ठेवायचं म्हणजे काढताना पकडायला बरं. रंग बोटाला लागेनासा झाला की त्याच संध्याकाळी अलगद सोलायची. चार दिवस राहिली तर रंगाला सोबत घेऊनच येते. शिकवताना हातचं काही राखलं नाही. भोळा सांब माणूस, दुसरं काय!

यंदाचं विमान मात्र घड्याळजींनी आपल्या वडिलांसाठी करायला घेतलं होतं. वडिलांनी तीस वर्षं विमानतळावर लोकांच्या बॅगा चढवल्या, स्वतः एकदाही विमानात बसले नाहीत. त्यांच्या वेळचं ते पांढरं विमान, नाकापासून शेपटीपर्यंत एक निळी रेघ. दरवर्षीच्या मॉडेलांच्या स्पर्धेत यंदा मेहुणाही उतरला होता, आणि पहिलं येईल ते मॉडेल विमानतळावरच्या काचेच्या कपाटात कायमचं राहणार होतं. घड्याळजींना तेवढंच हवं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू, पुन्हा इतकं बारीक काम होईल की नाही, कोण जाणे.

निळा रंग मारला आणि त्याच दुपारी परगावच्या दवाखान्यातून फोन आला, डोळ्याचं ऑपरेशन उद्यावर आलंय, आजच या. बायकोसोबत निघताना घड्याळजींनी मेहुण्याच्या हातात मॉडेलांच्या खोलीची जादा किल्ली दिली आणि संध्याकाळी तेवढी पट्टी काढायला सांगितली. सातला त्याचा फोन आला. काढली, रेघ झकास आलीय, तुम्ही निवांत पडा.

तपासण्यांसाठी तिथंच राहावं लागलं. पाचव्या दिवशी घरी येऊन बघतात तर पट्टी विमानावरच. त्यांनी दुमडून ठेवलेलं टोक उलगडून सपाट दाबलेलं होतं. नखानं उकरून सोलायला घेतलं. पहिला इंच सुरेख सुटला, रेघ अशी की बघत राहावं. पुढे मात्र निळ्या रंगाच्या खपल्या निघाल्या, खालचा पांढराही उचकटला. स्पर्धा दुसऱ्याच दिवशी होती.

बायको म्हणाली, विसरला असेल, तुम्हाला घोर नको म्हणून थाप मारली असेल. उगाच बोल लावू नका त्याला. घड्याळजींनाही तसंच मानायचं होतं. पण हातच्या काकणाला आरसा कशाला? कुणीतरी इंचभर सोलून बघितलं होतं आणि पुन्हा दाबून ठेवलं होतं. त्यांना भडभडून आलं. परक्यानं केलं असतं तर शिव्या देऊन मोकळे झाले असते.

मेहुण्याचं पिवळं विमान पहिलं आलं, कपाटात गेलं. संध्याकाळी तो बक्षिसाची ढाल दाखवायला आला, तेव्हा घड्याळजींनी आपलं विमान त्याच्यापुढे ठेवलं आणि त्या इंचावर बोट ठेवलं.

मेहुण्यानं ढाल खाली ठेवली.

"तुमचंच पहिलं आलं असतं, भाऊजी," तो म्हणाला. "बघितलं आणि कळलं."

"पट्टी राहिली तर काय होतं, तेही मीच शिकवलं होतं ना रे तुला?"

बायको दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती पुढे आली आणि भावासमोर हात पसरला.

"किल्ली दे," ती म्हणाली.