रिकामी खुर्ची परत द्यायची नसते

शुक्रवारी सकाळी जिनपालअण्णा मगदूमांना बघायला आलेल्या पहिल्या माणसानं केळी आणली नाहीत, खुर्ची आणली. चांगली लाकडी, हातांची, बसायला वेताची. भूपाल चौगुल्यानं ती डोक्यावरून उतरवली, पुढच्या सोप्यात मांडली आणि म्हणाला, "अण्णा, बसा." अण्णा बसले. भूपालनं उभ्या उभ्या चहा घेतला आणि खुर्ची ठेवून घरी गेला.

आदल्या दिवशी डॉक्टरांनी अण्णांना एका नळीत जीव खाऊन फुंकायला लावलं होतं. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस, त्याच्या छातीत काय नुसती हवा असणार? डॉक्टर म्हणाले, "फुप्फुसाचा जुनाट आजार आहे. पण सौम्य आहे, घाबरू नका. औषधाचा पंप चुकवायचा नाही, गिरणी पोराच्या हवाली करायची, आणि रोज चालायचं. दम लागला की उभं राहायचं, ओठांचा चंबू करून चहावर फुंकर घालतो तसा श्वास सोडायचा आणि पुढं निघायचं. बसलात तर मात्र बसलातच." अण्णांनी ते शेवटचं वाक्य तेवढं गाठ मारून ठेवलं.

पण गावाला कोण सांगणार! दुपारपर्यंत नऊ खुर्च्या आल्या. कमलाक्कांनी घडीची आणली, शाळेच्या शिपायानं बाक आणला, सलूनवाल्यानं तर मान टेकायची गादी असलेली आपली खुर्ची दोन माणसं लावून उचलून आणली. प्रत्येकजण दारातूनच "बसा" म्हणायचा, आणि अण्णा बसले की खुर्ची आधीच कुणी बसून गेल्यासारखी ऊन लागायची. रविवारी घरात एकतीस खुर्च्या झाल्या. सोप्यातून स्वयंपाकघरात जायला अकरा पावलं लागायची, आता चारच टाकता येत होती. सोमवारी तीन.

"ह्या सगळ्या परत द्यायच्या," अण्णा म्हणाले.

"रिकाम्या?" त्यांची बायको सुनंदाबाई कणीक मळता मळता थांबल्या. "शेजारचा डबा आला तरी मी मूठभर साखर घालून पाठवते. आपल्यात आलेली वस्तू कधी रिकामी गेलीय का? आणि तुम्ही कशाला चालताय उन्हातान्हाचं? माझ्या बापानं आठ वर्षं खाटेवर धापा टाकत काढली. बसा हो, माझा जीव वरखाली होतो."

सासरे आजार अंगावर काढून डॉक्टरकडं शेवटी शेवटी गेले होते, हे अण्णांना ठाऊक होतं. त्यांनी वेताची खुर्ची डोक्यावर घेतली, तिच्यावर शाळूच्या पिठाचा डबा ठेवला आणि चौगुल्यांचं घर गाठलं.

भूपालनं डब्याचं झाकण उघडून पाहिलं. "अण्णा, ह्यात कोण बसलंय?"

"पीठ आहे. शाळूचं. ताजं आहे."

"आम्ही खुर्ची दिली होती, पातेलं नव्हे," भूपाल म्हणाला. त्याला वाईट वाटलं होतं, हे उघड दिसत होतं.

अण्णांना दम लागला होता. ते जरा टेकले. मग उठले, पण बसलेले अण्णा उठले नाहीत. एक अण्णा दारात उभे होते, एक खुर्चीत होते. तोच पांढरा शर्ट, खिशात तोच पंप. भूपालच्या बायकोनं बसलेल्यांच्या गुडघ्यांवर शाल घातली आणि विचारलं, "दूध घेता?"

"घेतो," बसलेले म्हणाले.

"आता कशी भरली," भूपाल म्हणाला, आणि त्यानं पिठाचा डबा उभ्या अण्णांच्या हातात परत दिला.

मग काय, अण्णांना वाटच सापडली. मंगळवार, बुधवार, गुरुवार त्यांनी नुसत्या खुर्च्या वाहिल्या. पहिल्या गल्लीपासून तेराव्या गल्लीपर्यंत. कोपऱ्यावर उभं राहायचं, चंबू करून फुंकर सोडायची, पुढं निघायचं. त्या त्या घरी टेकायचं, उठायचं, बसलेला तिथंच सोडायचा. बाकावर तर तिघांची जागा होती, म्हणून तीनदा बसावं लागलं. लोक खूश होते. प्रत्येकाला काळजी घ्यायला एक एक मगदूम मिळाला होता. आणि उभ्या मगदुमांची छाती गिरणीचा पट्टा सैल केल्यावर होते तशी मोकळी झाली होती. गुरुवारी ते दोन गल्ल्या न थांबता चालले. आनंदानं त्यांना आपल्या डोळ्यांत पाणी आल्याचं कळलंही नाही.

शुक्रवारी ते रिकाम्या हातांनी फिरायला निघाले, तर चौगुल्यांच्या दारातून हाक आली, "ओ मगदूम! दमाल! बसा की जरा!"

आवाज त्यांचाच होता. पुढच्या दारातूनही त्यांनीच हाक मारली. त्याच्या पुढच्याही. दारादारांत ते शाली पांघरून बसले होते, ओठांवर दुधाची मिशी, आणि चालणाऱ्याकडं इतक्या मायेनं बघत होते की शिवी तरी कशी द्यावी! "बसा" म्हटलं की घरातून एक खुर्ची आपल्या पायांनी रस्त्यावर यायची. अण्णांनी वेग वाढवला. मागून लाकडी पायांचा टकटक आवाज येत राहिला. त्यांनी गल्ली बदलली, आवाजानंही बदलली. नवव्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचा श्वास शिट्टी वाजवायला लागला आणि ते उभे राहिले. चंबू केला. फुंकर सोडली. गुडघ्यांच्या मागच्या बाजूला खुर्चीची गार कड टेकली.

तेवढ्यात समोरून सुनंदाबाई आल्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात पोराची. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की अण्णा रस्त्यात धापा टाकतायत. त्यांनी गल्लीतल्या दारांकडं एकेक करून पाहिलं. सगळे अण्णा स्वच्छ होते, सावलीत होते, कुणालाही दम लागलेला नव्हता.

"इतके बसलेत," त्या म्हणाल्या, "आणि माझाच तेवढा उन्हात उभा."

"सुनंदा, मी बसलो तर मी त्यांच्यातलाच."

दारांतले सगळे अण्णा पुढं झुकले. सुनंदाबाई नवऱ्याला वळसा घालून मागं गेल्या आणि त्या खुर्चीत स्वतः बसल्या.

"मला भीती वाटते हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही दाराबाहेर पडलात की तुम्ही परत येईपर्यंत मी श्वास धरून बसते."

"मला पण वाटते," अण्णा म्हणाले. हे त्यांनी डॉक्टरांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

त्यांनी हात पुढं केला. तो धरून सुनंदाबाई उठल्या, आणि बसलेल्या सुनंदाबाई खुर्चीतच राहिल्या, पदर तोंडाला लावून. दोघं निघाली. मागून "अहो, बसा!" अशी हाक आली, ह्या वेळी बाईच्या आवाजात.

"मागं बघू नका," उभ्या सुनंदाबाई म्हणाल्या. त्यांनीही ओठांचा चंबू केला होता.

दहावी गल्ली गेली, अकरावी गेली. तेरावीच्या पुढं आजवर नुसतं शेत होतं, आज चौदावी होती. तिच्यापुढं पंधरावी. टकटक मागं होतीच, जवळही येत नव्हती आणि लांबही जात नव्हती. सोळाव्या गल्लीच्या तोंडाशी एक रंगारी शिडीवर उभा राहून पाटीवर आकडा काढत होता. एक झाला होता, सहा अर्धा राहिला होता. त्याच्यामागं घरं, रस्ता, विजेचे खांब, सगळं ओलं चकचकीत होतं.

"जरा थांबावं लागेल," रंगाऱ्यानं वरून सांगितलं. "पुढचं अजून वाळायचंय."

"किती वेळ?" अण्णांनी विचारलं.

"ते काय सांगता येतंय?" तो खाली उतरला, रंगाचा रिकामा डबा त्यानं उलटा केला, फडक्यानं पुसला आणि दोघांच्या पुढ्यात सरकवला. "तोवर बसा की."

दोघांनी एकमेकांचे हात घट्ट धरले आणि ओल्या रंगाच्या कडेला, जागच्या जागी, पाय उचलत राहिली.