अठ्ठावीस दिवसांचा कोबा

गाडी उचलायची लिफ्ट बसवायला आलेल्या लिफ्टवाल्याने गॅरेजच्या कोब्याला पाडलेल्या भोकात तार सोडली, तिचं वाकवलेलं टोक तळाला अडकवलं, तार ताठ ओढून नखाने खूण धरली आणि टेपला लावली.

"सहा इंच," तो म्हणाला. "काका, नशीब काढलंत. घरच्या गॅरेजात इतका जाड कोबा सहसा मिळत नाही. आत्ता बोल्ट मारतो, संध्याकाळी गाडी वर."

दारात उभ्या असलेल्या तिने हुश्श केलं. तिचा नवरा मात्र खुर्चीत बसून कोब्याकडेच बघत राहिला. सगळे त्याला फोरमन म्हणत. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, आवाज सात फुटी. चाळीस वर्षं गाड्यांखाली पाठीवर पडून त्याने काढली होती. आता दोन वाक्यांच्या मध्ये त्याला थांबून श्वास घ्यावा लागत होता.

"खोदायचं," तो म्हणाला.

"काय?"

"हा कोबा. सगळा काढायचा. पाऊण फूट खाली नवा घालायचा."

लिफ्टवाल्याने छताकडे पाहिलं. "अहो काका, दहा फूट आहे. गाडीची चाकं पाच फूट वर जातील, म्हणजे तिचं पोट साडेपाच फुटांवर. तुम्ही टोपी घालून उभे राहिलात तरी वर घासणार नाही. कशाला हा उद्योग? नव्या काँक्रीटमध्ये अठ्ठावीस दिवस बोल्ट मारता येत नाही. सिमेंट कोणाच्या बापाचं ऐकत नाही."

अठ्ठावीस दिवस. डॉक्टरांनी तिला आणि मुलाला बाजूला घेऊन सांगितलं होतं, फार तर दोन महिने. त्यातले पाच आठवडे सरले होते. फोरमनला त्यांनी यातलं काही कळू दिलं नव्हतं. छातीला सूज आहे, औषधाने उतरेल, असं दोघांनी ठरवून सांगितलं होतं. म्हणून तर त्याने लिफ्टचा हट्ट धरला तेव्हा तिला मोडता घालता आला नाही. बरा होणाऱ्या माणसाला नवं यंत्र घेऊ नका असं कोणत्या तोंडाने सांगायचं? आणि खरं तर तिलाही ते हवं होतं. उचललेल्या गाडीखाली तो दोन पायांवर उभा आहे, हे तिला एकदा बघायचं होतं. एकदाच.

"आहे ते काय वाईट आहे?" ती गोड आवाजात म्हणाली. "उगाच धूळ उडेल, खोकला वाढेल तुमचा."

"वाढू दे."

"मग महिनाभर ताटकळत बसायचं?"

"तुला कसली एवढी घाई?"

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. तिने मुलाकडे पाहिलं. मुलगा बापाच्या हाताखालीच काम करायचा. सहा फूट उंच, त्यामुळे त्याचं नाव लंबू पडलेलं. बाप असा आणि मुलगा असा कसा, यावरून गिऱ्हाइकांनी वर्षानुवर्षं थट्टा केली होती.

"बाबा, ऐका ना," लंबू म्हणाला. "तुम्हाला एवढं पुरतंय."

"मला पुरतंय रे."

"मग?"

लिफ्टवाल्याने पेन्सिल कानामागून काढली. "ठीक आहे, खोदू. पण माप कोणाचं धरायचं ते सांगा. खाली जो उभा राहणार, त्याच्या डोक्याच्या हिशेबाने आम्ही लिफ्ट थांबवतो."

फोरमनने बोटाने मुलाला बोलावलं.

"लंबू, इकडे ये. इथे उभा राहा. वाकू नकोस. ताठ."

लंबू उभा राहिला.

"याचं धरा," फोरमन म्हणाला.

लिफ्टवाल्याने टेप लावली, आकडा लिहिला. मग तिघांची तोंडं पाहून वायरचं माप घेतो असं काहीतरी पुटपुटत तो बाहेर गेला.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" तिने विचारलं.

"तुम्हीच. तीस वर्षं या गॅरेजच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय तू मला एकदा तरी वाढलंस का? आणि आता महिना उलटला, एक शब्द नाही. लिफ्ट घेतो म्हटलं तर म्हणालीस, घ्या. घ्या! तेव्हाच म्हटलं, फोरमन, इंजिन गेलं तुझं."

लंबूने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एवढा मोठा बाप्या, पण लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला.

"रडू नकोस," फोरमन म्हणाला. थोडा थांबला, श्वास घेतला. "माझा जन्म गाड्यांखाली आडवा होऊन गेला. तू उभ्याने काम कर. पाठ मोडून घेऊ नकोस."

"मला तुम्हाला तिथे उभं बघायचं होतं हो," ती म्हणाली.

"मी उभा राहीन एक दिवस. तो राहील जन्मभर." त्याने तिचा हात धरला. मुलासमोर त्याने असं कधी केलं नव्हतं. "तू त्याला बघ."

दुसऱ्या दिवशी कोबा फुटला. आठवड्याच्या आत खाली खोल जागेत नवं काँक्रीट पडलं. सकाळ-संध्याकाळ पाणी मारायचं, एकही वेळ चुकवायची नाही, नाहीतर तडे जातील, असं लिफ्टवाल्याने तिला बजावलं. पहिले काही दिवस फोरमन दारात खुर्ची टाकून बसला आणि कोपरा कोरडा राहिला म्हणून तिच्यावर खेकसला. मग त्याला उठवेना. तो अंथरुणातून विचारायचा.

"पाणी मारलं?"

"मारलं हो! किती वेळा विचाराल? जीव खाल्लात माझा."

तो डोळे मिटून समाधानाने हसायचा.

सोळाव्या दिवशी पहाटे तो गेला. दिवसभर घर माणसांनी भरून वाहत होतं. लंबू भिंतीला टेकून बसला होता, त्याला कोणीतरी बळेच चहा पाजत होतं. उन्हं कलली तशी ती उठली, गर्दीतून वाट काढत गॅरेजमध्ये गेली आणि नळाला पाइप लावू लागली. नणंद धावत मागे आली.

"वहिनी, अगं आज तरी राहू दे."

"नाही चालायचं," ती म्हणाली. "अजून बारा दिवस आहेत."