खातं कोणाच्या नावाने

माझा पगार व्हायचा आणि फोन वाजायचा माझ्या भावजयीचा.

डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी डिस्पॅच बघते. ट्रकवाल्यांशी दिवसभर हुज्जत घालण्याचं काम आहे आणि ते मला छान जमतं. पण त्या कामाचे पैसे जायचे कृतिकाच्या खात्यात. कृतिका म्हणजे माझ्या धाकट्या भावाची, सर्वेशची बायको. मुलगी स्वभावाने चांगली, आणि तीच माझी पंचाईत होती. वाईट असती तर भांडून मोकळी झाले असते. ती स्वयंपाकघरातून हाक मारायची, "ताई, तुमचे पैसे आलेत. सगळे काढून देऊ की थोडे राहू देत?" आणि मी चोरट्यासारखी म्हणायचे, "राहू दे थोडे." नवीन चपला घेतल्या तर तिला कळायचं. तिने कधी एका शब्दाने विचारलं नाही. मीच आपणहून सांगायचे, जुन्या कशा तुटल्या होत्या ते, आणि नंतर स्वतःवरच चिडायचे.

ऑफिसात कोणी विचारलं, तर आधार कार्डावरच्या नावाचा काहीतरी घोळ आहे म्हणून सांगायचे. खरा घोळ ठाण्यातल्या बाळकुमला, माझ्या सासरी होता.

माझा नवरा दिपेश भोईर. भोईर मूळचे तिथलेच, शेती-मिठागरांच्या काळापासूनचे. जमिनीवर टॉवर उभे राहिले तसा घरात पैसा आला, आणि पैशाबरोबर दिपेशला धंद्याच्या कल्पनाही सुचायला लागल्या. त्यातलीच एक म्हणजे कल्याणच्या पुढे फ्लॅट घेऊन ठेवायचा. बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी कमी, व्याजही किंचित कमी, आणि पगाराची स्लिप घरात फक्त माझ्याकडे. फ्लॅट माझ्या नावावर झाला तेव्हा आळीत पेढे वाटले गेले. नशीबवान सून म्हणाले सगळे. नशीबवान सुनेने दिपेश जिथे जिथे बोट ठेवेल तिथे तिथे सह्या केल्या. कर्ज माझं, हप्ते दिपेशने भरायचे, असं ठरलं होतं. पुढे सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि त्यांचं करायला म्हणून मी नोकरी सोडली. मग एक दिवस दिपेशचा मोबाइल माझ्या हातात आला आणि तो धंदा म्हणून दिवसभर काय करतो ते कळलं. मॅचवर सट्टा लावत होता. मी बॅग भरून कोपरीला भावाकडे आले आणि डोंबिवलीतली ही नोकरी धरली. हप्ते त्याच्या कितीतरी आधीपासून थकलेले होते. आमचं जॉइंट खातं उणे दाखवत होतं आणि सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, माझं नाव काळ्या यादीत गेल्यासारखं झालं होतं.

"तुला आता कोण खातं उघडून देणार?" सर्वेश म्हणायचा. "उगाच अर्ज करू नकोस ताई. नकार आला तर तोही तिथे दिसतो." तो बिचारा काळजीनेच बोलायचा, आणि मी त्याचं खरं मानलं.

मला घाई झाली ती दोन कारणांनी. एक, कंपनीने कळवलं की यापुढे पगार फक्त स्वतःच्या नावाच्या खात्यात होईल. आणि दुसरं, कोपरीतच मागच्या गल्लीत ओळखीच्या अण्णांची भाड्याची एक खोली रिकामी होत होती. एकच खोली, मोरी आतच, खिडकीतून रेल्वेची भिंत दिसायची. मी तिथे उभी राहून पलंग कुठे लावायचा तेसुद्धा ठरवलं होतं. अण्णा म्हणाले, "तुझा पगार होईपर्यंत थांबतो. त्या दिवशी डिपॉझिट आणून दे. त्यापुढे मला थांबता येणार नाही, अक्षदा. दुसरी पार्टी मागे लागलीये." माझा तो पगार आणि मी साठवलेले पैसे मिळून डिपॉझिट जेमतेम भरणार होतं.

कंपनीच्या रस्त्यावरच एका मोठ्या बँकेची शाखा आहे. मी तिथे गेले. नाही म्हणाले तर काय बोलायचं, ते रात्रभर घोकून ठेवलं होतं. कर्ज माझ्या नावावर असलं तरी पैसे मी उधळले नाहीत, बचत खातं हा काही उपकार नाही, वगैरे. काउंटरमागे शौनक नावाचा तरुण अधिकारी होता. त्याने आधार घेतलं, पॅन घेतलं, माझा अंगठा मशीनवर टेकवला आणि म्हणाला, "झालं मॅडम. वेलकम किट आजच देतो."

"तुम्ही सिबिल नाही बघत?"

"बचत खात्याला कशाला बघायचं? आम्ही थोडेच पैसे देतोय तुम्हाला. तुम्हीच देणार आम्हाला." तो हसला. त्याला महिन्याला अमुक खाती उघडायचं टार्गेट असणार. पण त्या वेळी मला तो देवमाणूस वाटला. बाहेर येऊन मी एकटीने मसाला डोसा खाल्ला. संध्याकाळी सर्वेशला कार्ड दाखवलं तर तो आ वासून बघत राहिला, आणि कृतिका मनापासून म्हणाली, "बरं झालं ताई." तिलाही सुटल्यासारखं झालं असेल, हे मला तेव्हा कुठे सुचलं.

पगाराच्या दिवशी दुपारी मेसेज आला. माझ्या फोनवर, माझ्या नावाने. मी गोडाउनच्या दारात उभी होते. तो मेसेज मी पुन्हा पुन्हा वाचला. अण्णांना फोन केला, संध्याकाळी पैसे घेऊन येते म्हणून. फोन ठेवतेय तोवर दुसरा मेसेज आला. सगळी रक्कम कर्जाच्या थकबाकीपोटी वळती केलेली होती. शिल्लक शून्य.

ड्रायव्हर चलनावर सही मागत होता. मी त्याला तसाच सोडून बँकेत धावले.

शौनकने नंबर टाकला आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, तुमचं गृहकर्ज आमच्याकडेच आहे."

"शक्यच नाही. ते दुसऱ्याच कंपनीचं होतं."

"ती कंपनी आमच्या बँकेत विलीन झाली. पत्र आलं असेल तुम्हाला."

पत्र बाळकुमला आलं असेल. तिथून ते माझ्याकडे कोण पाठवणार होतं?

"तुम्हाला हे खातं उघडतानाच दिसलं नाही?"

"तेव्हा मी ते बघितलंच नाही," तो खालमानेने म्हणाला. मग इकडेतिकडे बघत आवाज खाली आणला. "पैसे परत मिळणार नाहीत. पण पुढचा पगार इथे घेऊ नका. दुसऱ्या बँकेत खातं उघडा, ती पण उघडेल. तिथल्या पैशांना आम्हाला असा हात लावता येत नाही."

नाकारतील म्हणून महिनोन्महिने घाबरत बसले आणि गिळायला बसलेल्यांनी पायघड्या घातल्या. मी त्याला बरंच काही बोलले. ऐकून घेतलं त्याने. मग अण्णांना फोन करून खोली दुसऱ्याला द्यायला सांगितलं.

मी घरी गेले नाही. ठाण्याला उतरून रिक्षा केली आणि थेट बाळकुम गाठलं. आज या माणसांना सोडायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

दिपेश घरी नव्हता. ओट्यावर माझ्या सासूबाई ठमाबाई सुपात सुकट निवडत बसल्या होत्या. मी पाणीही न मागता उभ्याउभ्याच सुरू केलं. "माझा पगार बँकेने कापला, आई. तुमच्या मुलाने हप्ते बुडवले म्हणून. राहायची खोली गेली माझी आज. एवढी तुमची जमीन गेली, एवढे पैसे आले, सुनेच्या नावावरचा एक हप्ता भरायला झालं काय होतं तुम्हाला?"

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "हप्ता त मी दर महिन्याला दिलाय."

"कोणाला?"

"दिपेशला. खोल्यांचा भाडा आला का पयला त्याचे हातान देते. तू गेलीस त्याचे मागनं पन देतेय. तुझा नाव हाय ना घरावर. उद्या तू परत आलीस त घर नको तुला?"

भांडायला आलेल्या माणसाच्या पायाखालून भांडणच काढून घेतल्यावर त्याने करायचं काय? मी पायरीवर बसले. मग सगळं सांगितलं, मोबाइलवरचा सट्टा, थकलेले हप्ते, उणे झालेलं खातं. त्या पदराने हात पुसत राहिल्या. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मना सांगायचास तवाच," त्या म्हणाल्या.

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"नाय," त्या म्हणाल्या.

त्या खरं बोलल्या याचं मला बरं वाटलं, आणि रडूही आलं. त्यांना आलं नाही. त्या कसला तरी हिशोब मांडत असल्यासारख्या रस्त्याकडे बघत होत्या.

"जमिनीचा पैसा बँकेन हाय," त्या म्हणाल्या. "माझा नि त्याचा जॉइंट. कार्ड त्याचेकडं. उरलाय का नाय, मना ठाव नाय." मग माझ्याकडे वळल्या. "माझे एकटीचा खाता काढून देतील? सही येत नाय मना. अंगठा चालंल?"

"चालेल."

"पोराला विचारतील?"

"नाही."

"मग उद्या ये. तो उठायचे आदी जाऊ."

मी विचारायला नको होतं, पण विचारलंच. "आणि माझं कर्ज?"

त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. "ते मी फेडनार नाय गं. काय उरला असंल त मना माझे म्हातारपनाला लागंल. त्याचेवर आता माझा भरोसा नाय, नि तू काय परत येनार नाय."

मी येणार नव्हते. दोघींनाही ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी त्यांना ठाण्यातल्या एका लहान सहकारी बँकेत घेऊन गेले. का गेले? मलाही पुरतं कळलेलं नाही. दिपेशच्या हातात एक पैसाही पडू नये, हा राग त्यात होताच. आधी खातं उघडायचं, मग जुन्या बँकेत जाऊन असेल तो पैसा इकडे आणायचा, असं ठरलं. पुढच्या पगारासाठी माझंही खातं तिथेच काढायचं होतं. काउंटरवरच्या बाईंनी माझं पॅन टाकून बघितलं, चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खातं होईल. पण कर्ज, क्रेडिट कार्ड, यातलं काही मागू नका आमच्याकडे."

"मला तुमचे पैसे नकोत," मी म्हटलं. "माझे ठेवायचे आहेत."

त्यांनी आधी सासूबाईंचं काम घेतलं. नाव, पत्ता, फोटो. मग विचारलं, "आजी, जॉइंट करायचं की एकटीचं? सून आहे ना ही? नाव घालू का हिचं?"

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या ऑपरेशननंतर तीन महिने मी त्यांना धरून मोरीपर्यंत नेलं होतं. तेव्हा कण्हतानाही त्या माझ्याकडे अशाच बघायच्या. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला हाव सुटली. हो म्हणतील असं वाटलं.

"नको," त्या म्हणाल्या. "माझे एकटीचा."

मला ते लागलं. चांगलंच लागलं. आणि त्याच वेळी हेही कळत होतं, की त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं. त्यांनी माझा हात धरला, मशीनवर अंगठा टेकवताना तोल जाऊ नये म्हणून.

बाईंनी त्यांचे कागद टाचून बाजूला ठेवले आणि माझे पुढे ओढले. "तुमचं?"

"एकटीचं," मी म्हटलं.