हळदीचे लाल हात

लष्कर शहरातल्या खासगी बाजार पेठेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. उष्मानंद महाराजांच्या दर्शनाला अख्खं शहर लोटलं होतं म्हणा ना! मध्य भारत राज्य आता चार दिवसांचा सोबती, राजधानी भोपाळला चाललेली. कोणाची बदली होणार, कोण घरी बसणार, कुणाला काही पत्ता नाही. अशा दिवसांत बुवांचं पीक हमखास येतं.

महाराज फक्त ‘थंड’ बायकांवर इलाज करत. बाईनं तळहातांना हळद फासायची आणि परातीतल्या मंतरलेल्या पाण्यात हात बुडवायचे. लाल झाले, की मेलेली सवत पोटात येऊन बसली आहे म्हणून समजा! आणि आजवर एकीचेही हात पिवळे राहिले नव्हते बरं का.

रांगेत शामला चुळबुळत उभी होती. कडेवर आठ महिन्यांची पोर, मागे सासूबाई शांताताई, शेजारी नवरा शरच्चंद्र. तो सचिवालयात कारकून, भोपाळच्या बदलीचा हुकूम हातात पडलेला. कित्येक महिने शामलाला नवऱ्याचा स्पर्शच नकोसा झाला होता. का, ते तिलाही कळेना. आपण खरंच बिघडलोय का, या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता. घरात ठरलं होतं, हात लाल झाले तर पोरीला घेऊन मायलेक भोपाळला जातील आणि शामला बाधा उतरेपर्यंत महाराजांच्या आश्रमात राहील.

“आओ बेटी!” महाराज गरजले. “हल्दी कभी झूठ नहीं बोलती!”

शामलानं पोर सासूबाईंकडे दिली, तळहातांना हळद फासली आणि हात बुडवले. लालभडक!

“अगं बाई!” शांताताईंनी तोंडाला पदर लावला.

“सौत बैठी है, सौत! आश्रम में सेवा करनी पड़ेगी. अकेली!”

‘अकेली’ ऐकताच शामला पोरीकडे वळली. पोर रडायला लागली होती. तिला थोपटायला शामलानं हात उचलला आणि तशीच थबकली. हा लाल रंग तर ओळखीचा होता! दर चैत्रात, हळदीकुंकवाच्या आधी, घरातल्याच थाळ्यात पाहिलेला.

“सासूबाई, आपण कुंकू कसं करतो हो?”

“हळदीत चुन्याची निवळी घालून. आत्ता काय गं त्याचं?”

शामला नवऱ्याकडे वळली. “अहो, तुम्ही लावा हळद. घाला हात याच पाण्यात.”

“मर्द का हाथ नहीं चलेगा!” महाराज ओरडले.

शरच्चंद्र तसा भिडस्त माणूस. पण बायको परातीसमोरून हलेना, हे पाहून त्यानं हळद फासली आणि दोन्ही हात परातीत घातले. तेही लाल!

“महाराज, शरच्चंद्ररावांच्या पोटात कोणाची सवत हो?” गर्दीतून कोणीतरी विचारलं, आणि जो हशा पिकला म्हणता!

शांताताईंनी पाणी बोटांवर चोळून पाहिलं. “चुनाच आहे मेला! जन्मभर कुंकू केलं मी, आणि या मेल्यापुढे अक्कल गहाण टाकली!”

तोवर महाराज मागच्या बोळानं पसार झाले होते.

दुसऱ्या दिवशी शरच्चंद्र शामलाला जयेंद्रगंज भागात डॉक्टर लीलाताईंकडे घेऊन गेला. त्यांनी तिच्या पापण्या ओढून पाहिल्या. “रक्त कुठंय हिच्या अंगात? रात्री किती वेळा उठते ही?”

“ठाऊक नाही,” शरच्चंद्र पुटपुटला.

“तुमच्या आई कुठं झोपतात?”

“पडद्यापलीकडे.”

“आणि शामला, पुन्हा दिवस जातील अशी भीती वाटते?”

शामलाला रडूच फुटलं.

“मग इच्छा येणार कुठून हो?” लीलाताई कडाडल्या. “अंगावर पाजतेय, झोप नाही, आडोसा नाही, त्यात मनात धास्ती. कसली बाधा घेऊन बसलात, दमलीय ती! लोहाचं औषध देते, मूल लांबवायचे उपायही सांगते. आणि तुम्ही तिला विचारत जा. नको म्हणाली, तर नको.”

परतताना टांग्यात शरच्चंद्रानं हळूच विचारलं, “तुला काय हवंय?”

“झोप,” शामला म्हणाली.

त्यानं पोर आपल्या मांडीवर घेतली. भोपाळला सगळी मिळून गेली.

तेव्हा बाबांनो, बायांनो, हात लाल झाले तर आधी परातीत काय कालवलंय ते बघा. आणि घरातली बाई मिटून गेली असेल, तर बुवाच्या दारी कशाला जाता? ती घरातच आहे, तिला विचारा.