दारात अडलेली गाडी

"ब्रेक पूर्ण दाबा, बाबा," लेकीने दुसऱ्यांदा सांगितलं.

"दाबलाय," उस्ताद म्हणाले.

इंजिन चालू होतं. आवाज कसा लोण्यासारखा मऊ. पण गिअरची दांडी कितीही मागे-पुढे केली, तरी समोरच्या पडद्यावरचं 'पी' हे अक्षर जागचं हलत नव्हतं. पी म्हणजे पार्किंग. चाकं जखडलेली, गाडी ना पुढे, ना मागे. आणि ही गाडी उभी होती हॉस्पिटलच्या अपघात विभागाच्या पोर्चमध्ये, बरोबर दोन खांबांच्या मधोमध, जिथे एका वेळी एकच गाडी मावते.

लेक या विभागाची इन्चार्ज सिस्टर होऊन आठवडाही झाला नव्हता. तिने आधीच बजावलं होतं, की इथे नको, ही अ‍ॅम्ब्युलन्सची जागा आहे. पण तिची जड बॅग स्वतः दारापर्यंत नेऊन द्यायची उस्तादांना हौस. गाडी लावायला मी काय नवा आहे का, असं म्हणत त्यांनी इंजिन बंद केलं होतं, आणि बॅग देऊन परत येऊन चालू केलं, तर हे असं.

उस्ताद ही त्यांची पदवी बस डेपोतली. उभी हयात त्यांनी बस चालवली आणि डेपोत येणाऱ्या नव्या पोरांना हाताखाली घेऊन तयार केलं. आपली गाडी कधी वाटेत बंद पडली नाही, हे ते निवृत्तीनंतरही समोरच्याने विचारायची वाट न बघता सांगत. लेकीने ही माइल्ड हायब्रिड घेतली, तेव्हा चालवायचं काम त्यांनी आपणहून अंगावर घेतलं. पेट्रोलचीच गाडी, इंजिनाला विजेचा थोडा हातभार. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि ब्रेकवरून पाय काढला की पुन्हा सुरू. उस्तादांना ते बिलकुल सोसत नसे. पायाखालचं इंजिन बंद पडणं म्हणजे ड्रायव्हरची नाचक्की, हे त्यांच्या हाडात मुरलेलं.

मग काही महिन्यांपूर्वी सिग्नलला इंजिन बंद होणं थांबलं. त्याच सुमारास समोर एक पिवळा दिवा लागला आणि ऑक्झिलरी बॅटरी तपासा अशी अक्षरं उमटली. ऑक्झिलरी म्हणजे काय, हे उस्तादांना ठाऊक नव्हतं. शोरूममधल्या नातवाच्या वयाच्या पोरांना विचारायचं म्हणजे जिवावर येत होतं. गाडी तर पहिल्या फटक्यात चालू होत होती, मग बॅटरीला काय धाड भरलीय? लेकीने एकदा दिव्याबद्दल विचारलं, तेव्हा त्यांनी सेन्सरचं काहीतरी असतं, येतं-जातं, असं ठोकून दिलं. वर शेजारीपाजारी शेखीही मिरवली, की सिग्नलला बंद पडायची खोड आपण मोडली, गाडीला वळण लावावं लागतं.

आता पडद्यावर पिवळ्या दिव्यांची रांगच लागली होती. वॉचमन आणि दोन वॉर्डबॉय येऊन मागून रेटू लागले. जखडलेली चाकं तसूभर हलली नाहीत.

तेवढ्यात मागे अ‍ॅम्ब्युलन्स येऊन थांबली.

ड्रायव्हर उतरून धावत आला, शिवी अगदी ओठांवर असणार. काचेतून त्याने पाहिलं आणि तो थबकला. डेपोत उस्तादांच्याच हाताखाली शिकलेला तो.

"उस्ताद, तुम्ही?"

उस्तादांनी गिअरची दांडी पुन्हा ओढली. उगीचच.

"राहू द्या," तो हळू आवाजात म्हणाला. "आम्ही उचलून नेतो."

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

त्याने गाडीचे दोन्ही आरसे मिटले. खांब आणि गाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीतून स्ट्रेचर चाकांवर जाईना, म्हणून चौघांनी ते छातीपर्यंत उचलून आडव्या पावलांनी नेलं. स्ट्रेचरवर एक बाई, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. मागे तिचा नवरा, पायात दोन वेगळ्या चपला. पुढची बाजू उस्तादांच्या लेकीने धरली होती. काचेपासून वीतभर अंतरावरून ती गेली, पण तिची नजर पेशंटवरून ढळली नाही. एके काळी पंचावन्न प्रवाशांचा भार लीलया वाहणारा माणूस स्टिअरिंग धरून नुसता बसून राहिला. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने फोन केल्यावर कंपनीचा मेकॅनिक आला. या गाडीत दोन बॅटऱ्या असतात, त्याने सांगितलं. मोठी इंजिन चालू करते, ती ठणठणीत आहे. पण छोटी पार उतरलीय. ती उतरली की आधी सिग्नलला इंजिन बंद होणं थांबतं. आणि या गाडीत गिअरची राखीव वीजही तिच्यातूनच येते, त्यामुळे ती नसली की गाडी धोका नको म्हणून पार्किंग सोडत नाही.

"दिवा कधीपासून लागलाय?" त्याने विचारलं.

हॉस्पिटलचे व्यवस्थापक शेजारीच उभे होते. लेकही बाहेर आली होती. उस्ताद बॉनेटकडे बघू लागले.

"बरेच दिवस झाले," लेक म्हणाली. "गाडी माझी आहे. मीच लक्ष दिलं नाही."

व्यवस्थापकांनी तिला सगळ्यांदेखत चार शब्द सुनावले. इन्चार्जनेच असं केलं तर बाकीच्यांना काय सांगायचं, असं म्हणाले. ती चूक झाली म्हणाली आणि आत गेली. उस्ताद तिथेच उभे होते. मध्ये बोलायला त्यांना भरपूर वेळ होता.

छोटी बॅटरी बदलली गेली, गाडी कडेला लागली. घरी जायला आता काही अडचण नव्हती. पण उस्ताद गाडीत बसले नाहीत. ते आत जाऊन बाकावर टेकले. शेजारी तो नवराच बसला होता. खूप वेळाने तो आपणहून बोलू लागला. बायको स्वयंपाकघरात अचानक कोसळली, अ‍ॅम्ब्युलन्स लगेच आली, सगळं वेळेवर झालं, आणि इथे येऊन बघतो तर कुणीतरी शहाण्याने दारातच गाडी लावलेली.

"माझी होती ती," उस्ताद म्हणाले. "दिवा कधीचा लागला होता. मला कळत नव्हतं आणि मी कुणाला विचारलं नाही. मुलीलाही खोटं सांगितलं."

नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं. मग तो उठला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला.

उस्ताद गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहिले. समोर बघायची सोय नव्हती, म्हणून फरशीकडे बघत राहिले. एकदा आतल्या दुसऱ्या एका वॉर्डबॉयने विचारलं, आजोबा, तुमचं कोण आहे आत? त्यांनी कुणी नाही अशी मान हलवली.

दुपार कलल्यावर आतलं दार ढकलून लेक बाहेर आली. मास्क हनुवटीवर ओढलेला, चेहरा थकलेला.

"शुद्धीवर आल्यात," ती नवऱ्याला म्हणाली. "धोका टळलाय. पाच मिनिटांनी भेटा."

नवरा उठून उभा राहिला होता. त्याच्या समोर, हात जोडायचे की नाही हे न कळून, उस्तादही उभे होते.